शब्द काही बिबट्यानं नेले नाहीत

यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर हसायला तुम्ही मोकळे आणि सांगायला मी मोकळा. पण त्याआधी माझी एक तक्रार ऐकून घ्या. आळेफाट्याहून बोरीला येताना माझ्या लुनाच्या मागच्या सीटवर बिबट्या बसला, चढ लागला तसा त्यानं माझ्या खांद्यावर पंजा ठेवला आणि गतिरोधक आला की 'हळू' म्हणून मानेशी गुरगुरला, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही माना डोलावल्यात. घरचे पाव्हणे आणून माझ्यापुढं बसवलेत. 'कुशाबा, ती लुनाची होऊन जाऊ द्या,' म्हणून चहा पाजलात. आणि एक पोरगं बोलत होतं, मग बोलायचं थांबलं, एवढी साधी गोष्ट सांगितली तर म्हणता म्हातारा थापा मारतो! वा रे गाव!

परवा संध्याकाळी बोरी बुद्रुकच्या डेअरीच्या ओट्यावर मी अशीच सुरुवात केली. तिथं जे बोललो आणि मधे जो जे बोलला, ते तसंच मांडतो.

दूध घालायला आलेली मंडळी किटल्या पायाशी ठेवून बसली होती. सयाजी मापाला उभा होता. हा सयाजी सकाळी मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा करतो आणि संध्याकाळी ओट्यावर दूध मापून घेतो. आतल्या खोलीत डेअरीचा चेअरमन बाळासाहेब बसला होता. बाळासाहेब माझा चुलत पुतण्या. त्याच्या खोलीची खिडकी ओट्यावर उघडते आणि त्या वेळी ती सताड उघडी होती. हे मी आल्या आल्या बघून घेतलं होतं.

"आज कुनाला बसवताय लुनावर, कुशाबा?" भिकानं विचारलं. भिकाची म्हैस आटली तरी भिकाचं तोंड आटत नाही.

"आज लुना न्हाई. बिबट्या हाय, पर पिंजऱ्यात हाय. आज बाळासाहेबाच्या नातवाचं सांगतो. शौर्यचं."

खिडकीच्या आत खुर्ची करकरली. मी आवाज जरा चढवला. वयामुळं मला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं बोलतो, असा माझा गावात लौकिक आहे. त्याचा असा वेळेला उपयोग होतो.

तर ऐका. शौर्य म्हणजे बाळासाहेबाच्या भगवंताचा मुलगा. भगवंत चाकणला कंपनीत आहे, सुट्टीला तेवढा घरी येतो. त्याची बायको प्राची, पेठची. माझं घर त्यांच्या घराला लागूनच, मधे फक्त गोठा. त्यामुळं त्या घरात कढीला फोडणी पडली तरी मला ठसका लागतो. पोरगं वर्षाचं झालं आणि बोलायला लागलं.

"कुशाबा, आमी तर आसं ऐकलं की त्ये पयल्यापासनंच मुकं..."

"भिका, तू ऐकलंस. मी पोराला ऐकलं. दोन्हीत फरक हाय का न्हाई?"

काय बोलायचं तेही सांगतो. गाईला 'हम्मा'. मांजराला 'माऊ'. तहान लागली की 'मम'. मला 'बा'. आबा पुरतं म्हणायचा त्याला आळस, अर्ध्यातच भागवायचा. रस्त्यानं एसटी गेली की हात हलवून 'टाटा', आणि एसटी उसाच्या आड गेली तरी ह्याचा टाटा चालूच. आणि सकाळी दुधाची मोटारसायकल वस्तीकडं वळली की उंबऱ्यात उभं राहून, बोट दाखवून ओरडायचा, "दुदु आ!" म्हणजे दूधवाला आला. दोन शब्द जोडून, बरं का! मोटारसायकलवरचा माणूसही रोज तिथनंच उत्तर द्यायचा, "आलो मालक, आलो!" उतरल्यावर कॅनचं झाकण वाजवायला द्यायचा. मालक झाकण वाजवणार, मग दूध ओतायचं, असा नियमच पडला होता.

एवढं सांगून मी सयाजीकडं बघितलं नाही. मुद्दामच. लंकाबाईच्या किटलीतलं दूध तो मापात ओतत होता आणि धार जरा हलली एवढं कानानं कळलं.

मग ते जायला लागलं. एकदम गेलं असतं तर बरं झालं असतं, आरडाओरडा करून गाव तरी गोळा केलं असतं. पण तसं झालं नाही. आधी टाटा गेला. एसटी आली, गेली, पोरानं मान वर केली नाही. मला वाटलं, कंटाळला असेल, एसटीला आपणही कंटाळतो. मग माऊ गेलं. मांजर त्याच्या मांडीत येऊन बसलं तरी त्याला नाव नाही. मग बा गेलं. मी अंगणात उभा राहून "शौर्या, ए शौर्या" म्हणून घसा कोरडा करतोय, आणि हा पाण्याच्या पाइपाला कान लावून बसलाय. विहिरीवरची मोटार चालू झाली की पाइपातनं जो आवाज येतो ना घोंगावत, तो ऐकत. त्या पाइपानं त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, आमचं मात्र त्याला ऐकवेना. बोट दाखवणं बंद झालं. काही हवं असलं की आईचं मनगट धरायचं आणि तिचा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायचा, जसा काही तो हात नसून चुलीचा चिमटा आहे. तोंडाकडं बघायचं नाही. सगळ्यात शेवटी 'दुदु आ' गेलं. सकाळी मोटारसायकल आली, उंबऱ्याशी थांबली, हॉर्न वाजला, झाकणही वाजवून दाखवलं त्या माणसानं. पोरगं पाइपापाशीच.

"बहिरं झालं आसंल," भिका म्हणाला.

"बहिरं? मागच्या पडवीत बिस्कीटचा पुडा फोडला तर पुढनं पळत यायचं."

"मंग?"

मग काय! आपल्या तालुक्यात एक मोठी सोय आहे. मोटार जळाली, बिबट्या. कुत्रं हरवलं, बिबट्या. पोराला परीक्षेत मार्क कमी पडले, रात्रभर बिबट्या ओरडत होता. त्याच सुमाराला बाळासाहेबाच्या गोठ्यातलं वासरू खरोखर बिबट्यानं नेलं. झालं! मंगलनं, म्हणजे बाळासाहेबाच्या बायकोनं, निकाल देऊन टाकला. "पोरगं दचकलं. बिबट्यानं वाचा नेली. बिबट्या धरला की पोरगं बोलंल." आणि सगळी वस्ती मान हलवायला लागली. प्राची म्हणत होती, "आई, वासरू नेलं त्याच्या आधीपासून त्याचं बोलणं कमी होतंय. आपण डॉक्टरांना दाखवू." पण बिबट्या आधी की डॉक्टर आधी, याला आपल्याकडं उत्तर ठरलेलं आहे.

पिंजरा आला. वनखात्याची माणसं ट्रॅक्टरनं तो उसाच्या कडेला लावून गेली. आणि घर वाट बघत बसलं. पिंजऱ्यात आधी कुत्रं सापडलं. मग बाळासाहेबाचीच मांजर. मग बघायला म्हणून आत डोकावलेला शेजारच्या वस्तीवरचा पाव्हणा. बिबट्या काही येईना. पावसाळा त्यात गेला. कांदा लावून झाला, थंडी पडली. प्राची रोज सकाळी पिंजऱ्याकडं बघून यायची. बिबट्या सापडावा म्हणून इतकं साकडं कुणी देवाला घातलं नसेल, आणि वाचा बिबट्यानं नेली हे तिला पटत होतं म्हणून घातलं असंही नाही. तो एकदाचा सापडला की ही माणसं डॉक्टरकडं जाऊ देतील, एवढाच तिचा हिशेब.

सापडला. सगळं गाव उसाच्या बांधावर. मंगल पोराला काखेत घेऊन गर्दीतनं वाट काढत पुढं आली आणि पिंजऱ्यासमोर त्याला धरून म्हणाली, "ह्यो बघ, घावला मेला. आता बोल माझ्या बाळा. बोल, आजी!" बिबट्यानं जाळीवर अशी झेप घेतली की माणसं एकमेकांच्या पायावर पाय देऊन मागं पळाली. फोटो काढणारे सगळ्यात आधी. पोरगं दचकलंसुद्धा नाही. त्यानं बिबट्याकडं ढुंकून बघितलं नाही. ते पिंजऱ्याच्या गाड्याचं चाक बघत होतं. मग खाली उतरून त्यानं त्या चाकावर हात फिरवला, परत फिरवला, आणि हसलं.

पण बोललं काही नाही.

बिबट्या गाडीत घालून नेला. त्याच्या पोटात शब्द असते तर वनखात्यानं पंचनामा करून परत दिले असते, ती माणसं तशी नियमाची पक्की आहेत. पण नव्हते तिथं.

"वासरू तरी व्हतं का पोटात?" भिका.

"वासराचं तुला पडलंय, पोराचं न्हाई."

ओट्यावर दोघंतिघं हसले. मला हसू आलं नाही. मला काय चीड येते सांगू का? बिबट्या खोटा ठरला तर माणसानं गप्प बसावं, चुकलो म्हणावं. पण नाही. दुसऱ्या दिवशी त्याच तोंडांनी नवा बिबट्या शोधला. आता बिबट्या म्हणजे प्राची. तिनं मोबाईल दाखवला म्हणून झालं. ग्रहणात विळी धरली म्हणून झालं. शेतात कामाला गेली म्हणून झालं, घरात बसून राहिली म्हणून झालं. गिरणीवर दळण टाकताना भेटलेल्या बायासुद्धा जाता जाता तिला एक कारण देऊन जायच्या. ज्या बायांची स्वतःची पोरं जेवताना ताटापेक्षा मोबाईल मोठा घेऊन बसतात, त्या! नंतर इकडचाच एक डॉक्टर म्हणाला, मुलगे उशिरा बोलतात, काळजी करू नका. प्राची त्याला सांगतेय, "अहो, उशिरा नाही, लवकर बोलला होता, गेलं ते," आणि डॉक्टर पुढच्या पेशंटला हाक मारतोय.

शेवटी भगवंतानं रजा काढली आणि आम्ही पुण्याला गेलो. माझी दाताची कवळी सैल झाली होती, ती दाखवायची म्हणून मी जीपमध्ये पुढं. मागं भगवंत, प्राची, मांडीवर पोरगं, आणि मंगल. प्राची आणि भगवंत पोराला पाणी पाजायला कळंबला उतरले, तेवढ्यात मंगल मागनं माझ्याकडं झुकून म्हणाली, "मामंजी, तितं तुमी काय बोलू नका. जल्मापासनं आसंच हाय म्हनायचं."

"का गं? बोलत व्हता की."

"व्हता. पर आपल्या घरात येऊन बिघडलं म्हनल्यावर आपलं नाव येतं. माज्या पोरीच्या सोयरिकीची बोलनी चाल्लीत. जल्मापासनं हाय म्हनलं की त्ये तिच्या म्हायेरचं, पेठकडचं ठरतं."

ऐकलंत? कान धुऊन परत ऐका. पोराचं बोलणं गेलं याचं त्या घराला दुःख होतं, नाही असं मी म्हणत नाही. मंगल रात्री देवापुढं रडायची, मी गोठ्यातनं ऐकलंय. पण ते बोलणं कुणाच्या नावावर टाकायचं, हे दुःखाच्या आधी ठरलं!

पुण्याची डॉक्टरीण तरुण होती. पोराला टेबलावर वगैरे घेतलं नाही, स्वतःच जमिनीवर बसली. चेंडू टाकला, हाक मारली, फुगे उडवले. कानाची तपासणी करून घेतली, कान चांगला होता. खूप वेळ बघत राहिली. मग ती म्हणाली, हा ऑटिझम आहे, आपल्याकडं त्याला स्वमग्नता म्हणतात. आणि एक प्रश्न विचारला. तो प्रश्न नीट ऐका, कारण सगळी भानगड त्या एका प्रश्नाची आहे.

"हा आधी बोलत होता आणि थांबला, की सुरुवातीपासून बोललाच नाही? दोन्हीत फरक आहे. आलेलं बोलणं गेलं असेल तर मला आणखी काही तपासण्या करून घ्याव्या लागतील. नक्की सांगा."

"बोलत होता," प्राची म्हणाली. "आठ-दहा शब्द होते. बोट दाखवायचा. टाटा करायचा."

"न्हाई वो डॉक्टर," मंगल म्हणाली. "आईच ती. तिला भास व्हायचे. आमी घरातच आसतो, आमाला कंदी ऐकू नाय आलं."

डॉक्टरणीनं भगवंताकडं बघितलं. भगवंत छताकडं बघत होता. छतावर एक पंखा होता, त्याच्याकडं तर पोरगंही बघत होतं. बाप-लेक दोघं तसेच! "मी सुट्टीलाच घरी असतो, मॅडम," तो पुटपुटला. व्हिडिओ आहे का, डॉक्टरणीनं विचारलं. होते, भगवंताच्या फोनमध्ये. तो फोन शेतात खिशातनं पडून ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरखाली आला होता.

"बरा येळेवर घावला रोटाव्हेटरखाली!" भिका ओट्यावरनं ओरडला.

"बघ! हेच बोलली मंगल तितं. तुजं आन् तिचं गोत्र एक हाय का रं?"

मग मी उभा राहिलो. म्हणालो, डॉक्टर, मी शेजारी आहे, मी रोज ऐकलंय. तर मंगल कपाळाला हात लावून म्हणाली, "ह्येंचं तर ऐकूच नका. ह्येंच्या लुनावर बिबट्या बसतो. साऱ्या तालुक्याला इचारा." डॉक्टरणीचं पेन थांबलं. "लुनाचं खातं वेगळं आहे, ताई," मी म्हणालो, "त्याचा पोराशी काय संबंध?" पण डॉक्टरीण हसली होती. चांगली बाई हो, पण हसली. मी आयुष्यात इतक्या लोकांना हसवलं, पण त्या एका हसण्यानं माझी कवळी आतल्या आत आवळली.

आम्ही निघताना तिनं प्राचीला सांगितलं, "तुमच्या हातून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. काही मुलांमध्ये आलेले शब्द, आलेल्या सवयी अशा मागं जातात. भीतीनं नाही, मोबाईलनं नाही. आता वेळ घालवायचा नाही, त्याच्याबरोबर कसं काम करायचं ते आम्ही शिकवू." प्राची रडली नाही. ती म्हणाली, "मॅडम, हे पुन्हा एकदा म्हणता का? जरा मोठ्यानं." आणि सासूकडं बघत राहिली.

डॉक्टरीण पुन्हा म्हणाली. आणि शेवटी असंही म्हणाली, "घराबाहेरच्या कुणी त्याला बोलताना ऐकलं असेल, तर विचारून या. पुढच्या वेळी मला सांगा."

पुढची वेळ अजून यायची आहे. येत्या सोमवारी आहे.

एवढं झाल्यावर ओट्यावर कुणी हसत नव्हतं. लंकाबाई किटली रिकामी झाली तरी उठली नव्हती. माप थांबलं होतं. रांगेतल्या कुणी घाईही केली नाही.

"मंग कुनी ऐकलं व्हतं का भायरचं?" लंकाबाईनं विचारलं.

व्हतं की! मी म्हणालो. आता इथून पुढं नीट ऐका. आम्ही घरी आलो. बाळासाहेब ओसरीवर बसलेला. मंगलनं जीपमधनं उतरल्या उतरल्या सगळं त्याच्या कानावर घातलं, आणि वर म्हणाली, "ही पोर परक्या मानसाम्होरं आमाला खोटं पाडते. चार दिस पेठला ऱ्हाऊ द्या, डोकं थंड व्हईल." आतनं पिशवी आणून दाराशी ठेवली सुद्धा. प्राचीनं पिशवीला हात लावला नाही. ती सासऱ्याला म्हणाली, "दादा, मी खोटं बोलत असेन तर आजच जाते. पण आधी सयाजीभाऊंना बोलवा. रोज सकाळी शौर्य त्यांना हाक मारायचा. त्यांना विचारा."

ओट्यावरची सगळी डोकी मापाकडं वळली.

"आँ? सयाजी?" भिका म्हणाला. "तू व्हतास त्यात?"

सयाजी फडक्यानं माप पुसत राहिला. स्वच्छ माप.

आणि बाळासाहेबानं सयाजीला बोलावलं! मी आवाज आणखी चढवला. सयाजी आला. आता विचार करा मंडळी, बाळासाहेब डेअरीचा चेअरमन, सयाजी डेअरीचा माणूस. दुसरा कुणी असता तर चपलेकडं बघत उभा राहिला असता. पण आपला सयाजी! ओसरीची पायरी चढून वर आला, टोपी काढून काखेत घेतली, आणि बाळासाहेबाच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "चेअरमनसाहेब, पोरगं बोलत व्हतं."

"वा रं पठ्ठ्या!" कुणीतरी मागनं म्हणालं.

"चेअरमनसाहेब, मला रोज हाक मारत व्हतं. 'दुदु आ' म्हनायचं. मी उत्तर द्यायचो. ज्या दिशी हाक आली न्हाई त्या दिशी मी झाकान वाजवून बगितलं. सूनबाई खोटं बोलत न्हाईत. मी देवाशपथ सांगतो. डॉक्टरम्होरं सांगायला बी येतो. नोकरीवरनं काढायचं तर काढा." असा कडाडला हो! दाराशी ठेवलेली पिशवी आडवी झाली. गोठ्यातल्या गाया उभ्या राहिल्या. बाळासाहेबानं मान खाली घातली...

"मंग प्राची पेठला कशापायी हाय?" भिकानं विचारलं.

"थांब रं, येतो तितं. आधी सयाजीचं पुरं व्हऊ दे."

"सयाजी, लेका, आमाला कंदी बोलला नाहीस!" भिकानं उठून सयाजीच्या पाठीवर थाप मारली. "आमी तुला निस्ता पानी-दूध मापनारा समजत व्हतो."

आणखी दोघं उठले. एकानं तंबाखूची पुडी पुढं केली. सयाजीनं ती घेतली नाही. त्याची मान हळूहळू खाली चालली होती आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी काही थांबलो नाही. म्हणालो, आणि मग सयाजी प्राचीकडं वळला, आणि म्हणाला, "वहिनी, पुसा डोळं. मी हाय." मंडळी, एवढ्या मोठ्या गावात त्या पोरीला 'मी आहे' म्हणणारा एक माणूस निघाला, आणि तो...

लंकाबाई उठली. गुडघ्यावर हात देत मापापाशी गेली आणि तिनं सयाजीच्या तोंडावरनं दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "देव तुजं भलं करंल, माझ्या राजा," ती म्हणाली. "एका लेकीला खरं केलंस. लोकाच्या लेकीसाटी कोन बोलतं रं आजकाल? माझ्या लेकीपायी कोन बोललं न्हाई बग. कोन न्हाई."

सयाजीनं तिचे हात धरून बाजूला केले. माप ओट्यावर आपटलं. दूध उडालं.

"ये म्हाताऱ्या! बंद कर!" तो माझ्यावर ओरडला. खिडकीकडं बघून परत ओरडला. "खोटं हाय ह्ये! साफ खोटं! मी पायरी चढलो न्हाई. टोपी काढली न्हाई. चेअरमननी इचारलं, 'सयाजी, पोरगं बोलायचं का?' आन् मी म्हनलं, माझं ध्यान नव्हतं. ध्यान नव्हतं म्हनलं मी! वहिनी माझ्याकडं बगत व्हती आन् मी मोटारसायकलला किक मारली. रोज ऐकत व्हतो मी त्याला. रोज! आन् ह्यो थापाड्या सांगतोय मी बोललो. मी तितं एक शब्द बोललो न्हाई!"